काकूंचा अनंत पिवळा का पडला: एका कुंडीची दीड वर्षांची केस

आमच्या राजेंद्र नगरात, म्हणजे इंदूरच्या, पलीकडच्या गल्लीत एक काकू राहतात. वय सत्तरच्या पुढे. त्यांच्या गच्चीवरचा अनंत आमच्या अख्ख्या भागात माहीत होता, कारण मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी त्या गल्लीतून गेलं की वास थेट रस्त्यावर यायचा. २०२३च्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले तेव्हा सहज गच्चीवर डोकावले आणि मला धक्काच बसला. झाड जिवंत होतं पण सगळी वरची पानं लिंबाच्या सालीसारखी पिवळी, काही तर जवळजवळ पांढरी, आणि त्यात फक्त शिरा हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. काकू म्हणाल्या, "अगं, दोन वर्षं झाली, काय नाही घातलं याला, पण हा काही ऐकत नाही, आता काढून टाकू म्हणतात हे."

मी म्हटलं थांबा, नका काढू, मला थोडा वेळ द्या. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, माळीकाम माझा धंदा नाही, पण घरी पंधरा-वीस कुंड्या आहेत आणि पानांचा हा नमुना मी आधी पाहिलेला होता. ही सगळी केस तारखेवारीने लिहितेय कारण माळव्यात ज्यांच्या घरी अनंत आहे त्यांच्यापैकी निम्म्या लोकांचा हाच प्रॉब्लेम असतो आणि सगळे एकाच चुकीच्या दिशेने उपाय करत बसतात.

आधी झाडाबद्दल थोडं. अनंत म्हणजे गार्डेनिया, मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम या बाजूचा, आणि कुळ कॉफीचं. गार्डेनिया नाव ऐकून वाटतं की ते बागेवरून पडलं असेल, पण तसं नाहीये, अलेक्झांडर गार्डन नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर अमेरिकेत चार्ल्स्टनला होते, त्यांच्या नावावरून १८व्या शतकात जॉन एलिस आणि लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञांनी ते ठेवलं. एकेरी फुलाच्या जातीला केशरी फळं येतात, जपानात त्यांच्यापासून खाण्याचा पिवळा रंग काढतात, आणि त्यातला रंग देणारा पदार्थ तोच आहे जो केशरात असतो. आपल्याकडे घराघरात असतो तो दुहेरी भरगच्च पाकळ्यांचा, त्याला फळं धरत नाहीत. आपल्या आज्या लहान मुलांना द्यायच्या ती डिकेमाली पण याच्याच भाऊबंदांतून येते, ती झाडं मध्य भारतातल्या कोरड्या जंगलात आपोआप वाढतात, त्यांना इथली माती चालते. हा पाहुणा मात्र आंबट मातीचा आहे. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (७ च्या खाली आंबट, वर अल्कलाइन), ५ ते ६ च्या मधली माती मिळाली की खूष. आणि आपल्या माळव्याची काळी माती ८ च्या आसपास. सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे, पण ते मला पहिल्या दिवशी इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवते. नर्सरीत कधी कधी दुहेरी तगर अनंत म्हणून विकतात. पान तोडून बघा, देठातून पांढरा चीक आला तर ती तगर, अनंताला चीक नसतो. काकूंचं झाड अस्सल होतं, कळी बघितली तरी कळायचं, अनंताची कळी पिळलेल्या कापडासारखी असते, हिरवट टोकापासून एका दिशेने वळत गेलेली.

कालनिर्णयमधल्या नोंदी

काकूंची एक सवय आमच्या फार कामी आली. त्या दरवर्षीची कालनिर्णय जपून ठेवतात, आणि मागच्या बाजूला दूध, गॅस, धोबी यांच्या हिशोबाबरोबर अनंताची फुलं पण लिहितात, रोजची नाही पण सीझनची बेरीज. पहिलं फूल देवाला, दुसरं स्वतःच्या अंबाड्यात, आणि मग पुढची मोजायची, असा त्यांचा नेम. त्यांनी जुनी कॅलेंडरं काढून दिली. २०२१ ला ६४ फुलं. २०२२ ला ३१. २०२३ ला फक्त ४, आणि त्यातलं एक अर्धवट उमललेलं.

मग मी विचारलं की २०२१ च्या सीझननंतर काय बदललं. त्या म्हणाल्या काहीच नाही. हे उत्तर सगळेच देतात आणि ते खोटं पण नसतं, कारण आपल्याला जो बदल झाडाशी जोडता येत नाही तो आपल्याला आठवतच नाही. म्हणून मी झाडाबद्दल विचारणं सोडलं आणि घराबद्दल विचारलं. त्या वर्षी कोण आलं, कोण गेलं, काय नवीन घेतलं. तर असं निघालं की ऑगस्ट २०२१ मध्ये काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला होत्या दीड महिना, तेव्हा माळ्याने काकांना विचारून झाड मोठ्या कुंडीत लावलं. आणि दिवाळीत घरी आरओ बसवला.

आरओ हा शब्द ऐकला आणि मी गच्चीच्या कोपऱ्यात बघितलं. निळी बादली, ती रोज खालून वर येत होती. काकू आरओचं वाया जाणारं पाणी साठवून सगळ्या कुंड्यांना घालत होत्या. पाण्याची किंमत त्यांना माहीत आहे, नर्मदेचं पाणी जलूदवरून इंदूरला १९७८ मध्ये आलं त्याच्या आधीचे दिवस त्यांनी बघितलेत, रांगा लावलेल्यात. त्यांना पाणी मोरीत सोडवत नव्हतं. या एवढ्या चांगल्या सवयीनेच झाड आजारी पडलं याचं मला खरंच वाईट वाटलं आणि त्यांना ते कसं सांगावं हेच मला त्या दिवशी कळेना.

आतापर्यंत काय काय घालून झालं होतं

ही यादी मी मुद्दाम विचारून घेतली कारण आधीचे उपाय कळल्याशिवाय नवीन सांगणं म्हणजे अंधारात तीर. माळी म्हणाला होता "खाद कम है अम्मा," म्हणून शेणखत आणि डीएपी हे रासायनिक खत. पानं पिवळी राहिली. मग कोणीतरी एप्सम सॉल्ट सांगितलं, ते महिनाभर. मग काकांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघून विड्याच्या पानाचा चुना पाण्यात कालवून घातला, कळ्या गळत होत्या म्हणून कॅल्शियम. मग शेजारच्यांनी लोखंडी खिळे खोचायला सांगितले, ते अजून कुंडीत होते, गंजलेले, सहा. आणि काकूंचं स्वतःचं कंपोस्ट, ज्यात त्या रोजची धूप-गोवरीची राख टाकतात.

प्रत्येक उपायामागे काहीतरी विचार होता हे मान्य करायला हवं. पण बघा, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, आणि त्याची कमतरता असेल तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. इथे तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि खालची जुनी बऱ्यापैकी हिरवी. म्हणजे लोह. झाड जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून नव्याला देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही, म्हणून लोह कमी पडलं की नवीन पान जन्मालाच पिवळं येतं. डीएपीतला फॉस्फरस लोहाला अजून बांधून ठेवतो. चुन्याने तर सरळ उलटंच काम केलं. आणि खिळे, ते गंजतात, पण गंज म्हणजे पण लोहाचं तेच रूप जे अल्कलाइन मातीत विरघळत नाही.

खरं तर काळ्या मातीत लोह भरपूर असतं, ती बेसॉल्टपासून बनलेली आहे. कोठीत धान्य गच्च भरलेलं आहे पण कोठीला कुलूप आहे, असं समजा. कुलूप म्हणजे मातीतला चुना आणि पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे पाणी अल्कलाइन करणारा क्षार. आपण दोन वर्षं धान्य आणून आणून कोठीत ओततोय.

कंपोस्टबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इंदूरच्या माणसाला कंपोस्टबद्दल काही वावगं ऐकून घेववत नाही आणि ते बरोबरच आहे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच, आपल्या इंदूरच्या प्लांट इंडस्ट्री इन्स्टिट्यूटमध्ये कंपोस्टची पद्धत बसवली, जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, आणि त्या कामात त्यांच्या बरोबरीने यशवंत वाड हे आपले मराठी गृहस्थ होते, हे नाव इंदूरच्याच मुलांना माहीत नसतं. त्या पद्धतीत ढिगाचा आंबटपणा मारायला राख टाकायचीच असते, म्हणजे काकू काही चुकीचं करत नव्हत्या, त्यांच्या सासूबाई तसंच करायच्या. वांगी, मेथी, जास्वंद सगळ्यांना ते कंपोस्ट उत्तम. फक्त अनंताला नको, कारण याला हवा असतो नेमका तोच आंबटपणा जो राखेने आपण घालवतो.

तीन छोट्या तपासण्या

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तीन गोष्टी तपासल्या.

पहिली पाण्याची. पीएचच्या पट्ट्या आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचं मीटर माझ्याकडे होतं. नळाच्या नर्मदेच्या पाण्याचा टीडीएस तीनशेच्या आत आला, त्यांच्या बोअरचा साडेआठशेच्या आसपास, आणि त्या निळ्या बादलीचा बाराशेच्या वर. साहजिकच आहे, कारण नर्मदा एक दिवसाआड येते म्हणून आरओ बोअरच्या टाकीवर लावलेला, तो एक लिटर गोड पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो आणि सगळे क्षार त्या बाहेरच्या पाण्यात जमा होतात. टीडीएस म्हणजे सगळंच वाईट असं नाही, त्यात काय आहे ते महत्त्वाचं, पण आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेटच जास्त असतं, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो तोच. कुंडीच्या काठावर आतून तसाच पांढरा पट्टा होता, नखाने खरवडला तर पावडर निघाली.

दुसरी मातीची. चार बोटं खोल खणून चमचाभर काळी माती काढली, वाळवली, बशीत ठेवून वर व्हिनेगरचे थेंब टाकले. काकूंना म्हटलं कान जवळ आणा. सोडा उघडल्यावर होतो तसा बारीक चुरचुर आवाज आला आणि फेस वर आला. काकू बघतच राहिल्या. चुनखडी असेल तरच माती अशी फसफसते. त्याच मातीचा नमुना काकांनी माती परीक्षण केंद्रात देऊन रिपोर्ट आणला तो पण पीएच ८.२.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते आणि ती फुकट आहे. दोन ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक लिटर पाण्यात, त्यात चिमूटभर लिंबूसत्व. संध्याकाळी एक पूर्ण पिवळं पान निवडलं, मधल्या शिरेच्या डाव्या अर्ध्या भागावर कापसाच्या बोळ्याने दोन्ही बाजूंनी हे पाणी लावलं, उजवा अर्धा कोरा ठेवला, देठाला लाल दोरा बांधला. थंडीचे दिवस असल्याने वेळ लागला, बाराव्या दिवशी काकूंचा सकाळी सात वाजता फोन, "अगं ये लवकर." गेले तर पानाची डावी बाजू हिरवी झालेली, ठिपक्याठिपक्यांनी, जिथे बोळा नीट लागला तिथे गडद आणि जिथे निसटला तिथे पिवळी चकती तशीच, आणि उजवी बाजू जशीच्या तशी पिवळी. शीर म्हणजे मधोमध आखलेली हद्द. यापुढे लोहाबद्दल वाद घालायला काही उरलंच नाही. काकांनी त्या पानाचा फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवला.

काकूंनी मात्र एक फार योग्य प्रश्न विचारला. म्हणाल्या, "हेच पाणी मी जास्वंदीला घालते, तगरीला घालते, बोगनवेलीला घालते, त्यांना कुठे काही होतंय?" उत्तर असं की प्रत्येक झाडाची मातीतून लोह ओढून घ्यायची ताकद वेगळी असते. बोगनवेल कशातही तग धरते. अनंत, इक्झोरा, सोनचाफा ही मंडळी या बाबतीत कमजोर. त्यांच्या शेजारणीचा इक्झोरा पण असाच पिवळा होता, आणि तो अनंताच्याच कुळातला.

उपाय, आणि माझी एक चूक

पहिला उपाय पाण्याचा. निळी बादली बंद. ते पाणी आता फरशी पुसायला आणि अंगण धुवायला. वाया जात नाहीये हे बघितल्यावरच काकूंचं मन मानलं. अनंताला नळाचं नर्मदेचं पाणी, आणि ते पण थोडं आंबट करून. दहा लिटरच्या बादलीत लहान अर्धा चमचा लिंबूसत्व टाकून ढवळायचं, पट्टी बुडवून बघायची, ६ च्या आसपास आलं की पुरे. प्रत्येकाच्या पाण्यात बायकार्बोनेट वेगळं असतं म्हणून चमचा मोजून चालत नाही, पट्टीच बघावी लागते, जास्त झालं तर मुळं भाजतात. एकदा प्रमाण कळलं की रोज बघायची गरज नाही.

दुसरं लोह. इथे मी चुकले. दुकानदाराने चिलेटेड आयर्न म्हणून जे पाकीट दिलं ते मी नीट न वाचता घेतलं, ईडीटीए होतं. तीन आठवडे काहीही फरक नाही. चिलेट म्हणजे लोहाला चिमट्यात धरून मुळापर्यंत नेणारा पदार्थ, पण प्रत्येक चिमट्याची पकड वेगळी. ईडीटीए साडेसहाच्या वरच्या पीएचला लोह सोडून देतं, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत धरतं, आणि ८ च्या वरच्या मातीत फक्त ईडीडीएचए टिकतं. ते महाग आहे, पण आपल्या मातीत दुसरं घेण्यात पैसे फुकट. डिसेंबरच्या सुरुवातीला ईडीडीएचए आणलं, गडद तपकिरी दाणे, पाण्यात टाकले की पाणी एकदम लालभडक होतं. दोन ग्रॅम दोन लिटर पाण्यात, संध्याकाळी, कारण ऊन लागलं की ते खराब होतं. मातीत ओतून वर कोरडी पानं पसरली.

जानेवारीच्या मध्यापर्यंत नवीन निघालेले शेंडे हिरवे. जुनी पिवळी पानं काही पूर्ण सुधारली नाहीत, ती हळूहळू गळली, आणि काकूंना त्या गळतीची भीती वाटली, ते स्वाभाविक आहे. मी सांगत राहिले की शेंडा बघा, खाली पडलेलं बघू नका.

कुंडी बदलायचं मी तेव्हा मुद्दाम टाळलं कारण कळ्या धरत होत्या. अनंताच्या कळ्या थंड रात्रींत धरतात, रात्रीचं तापमान अठराच्या खाली हवं, आणि शब-ए-मालवा ज्याला म्हणतात त्या आपल्या रात्री या झाडाला फार मानवतात, मुंबईपेक्षा इथे अनंत जास्त फुलायला हवा खरं तर. २०२४ च्या फेब्रुवारीत पंचवीस-तीस कळ्या मोजल्या आम्ही. खूप आनंद झाला.

आणि एप्रिलमध्ये बहुतेक सगळ्या गळल्या. उमलायच्या आधीच, हिरव्यागार, देठापाशी पिवळ्या होऊन टपटप. कॅलेंडरवर त्या वर्षी ९. काकू दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

म्हणजे पानांचा प्रश्न आणि कळ्यांचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि मी दोन्हींना एकच समजत होते. कुंडी पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. माळ्याने मोठी कुंडी केली ती जड झाली म्हणून २०२१ पासून ती तिथेच राहिली, आधी लहान असताना काकू ती जिन्याच्या सावलीत सरकवायच्या. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता मी त्या भिंतीला हात लावून बघितला तर हात ठेववेना, आणि संध्याकाळी आठला पण भिंत गरमच. दिवसभर लू आणि रात्रभर भिंतीची धग. अनंताची कळी तयार व्हायला फार वेळ लागतो, त्या काळात माती एकदा जरी कडक वाळली किंवा रात्र फार उबदार राहिली तर झाड सगळ्यात आधी कळ्या टाकतं. काळी माती वाळली की भेगा पडतात, आणि भेग पडताना बारीक मुळं ओढून तोडते, आपल्याला वरून दिसत नाही.

जुलैमध्ये कुंडी उपडी केली तेव्हा

पावसाचं वातावरण स्थिर झाल्यावर, जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघांनी मिळून झाड काढलं. काका, माळी आणि मी. काकू खुर्ची टाकून बसलेल्या. गोळा बाहेर आला आणि माळ्याने वरवरची काळी माती काठीने पाडायला सुरुवात केली, ती चिकट, पायताणाला लागते तशी, ढेकळाढेकळाने निघत होती, तिच्यात मुळं फार कमी आणि जी होती ती तपकिरी आणि मऊ. मग साधारण फुटबॉलएवढा आतला गोळा दिसायला लागला आणि तो लाल होता. जांभ्याची लाल माती, त्यात पांढरी बारीक मुळं गच्च विणलेली.

काकू खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "ही दापोलीची माती आहे. २०१५ ला भावाने रोप दिलं तेव्हा गोणीभर माती पण दिली होती, मी विसरूनच गेले होते." त्यांनी मूठभर हातात घेतली आणि वास घेतला. म्हणजे सहा वर्षं हे झाड इंदुरात राहून कोकणच्याच मातीत जगत होतं, आणि तिच्याभोवती नंतर काळ्या मातीची भिंत उभी राहिली होती. ६४ फुलं कशी यायची ते त्या क्षणी मला समजलं. दोन्ही मातींवर व्हिनेगर टाकून बघितलं, काळी जोरात फसफसली, लाल अगदी जेमतेम, दोन-चार बुडबुडे, ते पण मागच्या दोन वर्षांच्या पाण्याचे असणार.

लाल गोळा तसाच ठेवला, फक्त सडकी मुळं कापली. नवीन मिश्रण असं केलं, आणि हे माझं मत आहे, इतर लोक वेगळं करत असतील: निम्मं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), कारण न धुतलेल्यात मीठ असतं, पाव भाग कुजलेली पानं, आणि उरलेल्या पाव भागात झाडाच्या सालीचे तुकडे आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) मिळून. काळी माती अजिबात नाही. जुन्या भिंतीच्या विटांचे तुकडे तळाला घालायला माळी निघाला होता ते थांबवलं कारण त्याला चुना लागलेला असतो. कुंडी पूर्वेच्या कठड्याजवळ, सकाळचं ऊन साडेदहा-अकरापर्यंत, नंतर सावली. खाली चाकांचा स्टँड. मार्च ते जून वर हिरवी जाळी.

आणि पावसाचं पाणी. पावसाचं पाणी निसर्गतःच किंचित आंबट असतं आणि त्यात क्षार नसतात, अनंतासाठी याहून चांगलं काही नाही. गच्चीच्या पन्हाळाखाली दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम ठेवले, पहिले दोन-तीन पाऊस सोडून दिले म्हणजे गच्चीची धूळ जाते, तोंडाला डासांसाठी मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं. हिवाळ्यात या झाडाला दिवसाआड अडीच-तीन लिटर पुरतं म्हणजे महिन्याला चाळीस-पंचेचाळीस, तर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सहज निघालं. उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, तेव्हा एसीचं पाणी, ते पण जवळजवळ डिस्टिल्डच असतं. मध्ये पाणी कमी पडलं तर नळाचं, लिंबूसत्व घालून.

छाटणी ऑगस्टच्या आत, हलकीच. ऑक्टोबरनंतर कात्री लावली की पुढच्या सीझनच्या कळ्या कापल्या जातात. मिलीबग एकदा आला, कापसाने पुसून काढला आणि निंबोळी तेल फवारलं, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. ईडीडीएचए ऑक्टोबरमध्ये एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, बस. खत म्हणून पानांचं खत आणि महिन्यातून एकदा अगदी कमी अमोनियम सल्फेट, कारण ते मातीला थोडं आंबटाकडे नेतं.

२०२५

फेब्रुवारीत कळ्या मोजायला काकूंनी मला बोलावलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उमलल्यावर सांगेन." कुंडी तेव्हापासून एक इंचही हलवली नाही, कारण कळ्या असताना जागा बदलली तरी हे झाड कळ्या टाकतं, चाकं आहेत म्हणून फिरवत बसायचं नाही. १४ मार्चला, धुळवडीच्या दिवशी संध्याकाळी, त्यांच्या नातवाने पानात गुंडाळून एक फूल आणून दिलं. पांढरं शुभ्र, पाकळ्यांना मेणासारखी जाडी. दुसऱ्या दिवशी ते सायीच्या रंगाचं झालं आणि तिसऱ्या दिवशी पिवळं, पण वास तोच, माझ्या अख्ख्या खोलीत.

सीझनची बेरीज ५२ झाली. ६४ नाही. एक जुनी फांदी, पश्चिमेच्या भिंतीकडे असलेली, ती अजून फिकटच पानं काढते, ती पुढच्या ऑगस्टमध्ये काढू. आणि मे महिन्यात काका-काकू आठ-दहा दिवस पुण्याला गेले तेव्हा खालच्या मुलाने बोअरच्या पाइपनेच सगळ्या कुंड्यांना पाणी दिलं, परत आल्यावर वरचे तीन-चार शेंडे पुन्हा फिकट झालेले. यावेळी कोणीही डीएपी आणला नाही. काकूंनी स्वतः पट्टी बुडवली, पाच-सहा बादल्या एसीचं पाणी कुंडीतून वाहू दिलं म्हणजे क्षार खालून निघून जातील, आणि मला नंतर फक्त कळवलं. जूनअखेर शेंडे हिरवे.

जुलैमध्ये छाटलेल्या फांद्यांच्या त्यांनी सहा काड्या लावल्या, अर्धवट जून झालेल्या, चार-पाच इंचाच्या, खालची पानं काढून कोकोपीट आणि पर्लाइटमध्ये, वर कापलेली प्लास्टिकची बाटली उपडी. चार फुटल्या. एक शेजारणीला दिली, आरओचं पाणी घालायचं नाही या अटीवर, एक लेकीला पुण्याला, एक माझ्याकडे आहे. चौथी नोव्हेंबरमध्ये दापोलीला परत जाणार आहे, भावाच्या घरचं मूळ झाड विहिरीच्या बांधकामात गेलं म्हणून, आणि येताना एक गोणी लाल माती आणायची असं काकांना आत्तापासून सांगून ठेवलंय.